सुकटीच्या डब्यातले भाऊबंद

मे महिन्यात चाकणच्या शनिवारच्या बाजारातून किलोभर सुकट आणली होती. निम्मी भाजून वापरली, निम्मी स्टीलच्या डब्यात भरून मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर टाकली. जुलैत, बाहेर चार दिवस झड लागलेली असताना, डबा खाली काढला. झाकण उघडलं तर सुकट हलत होती. तपकिरी, केसाळ अळ्या आणि त्यांच्यातून वाट काढत पळणारे काळसर भुंगेरे. सुकी मासळी, कातडं, वाळलेलं मांस यांवरच जगणारा हा किडा म्हणजे मासळीच्या गोदामांचा जुना वैरी. शेजारचे तात्या दारात उभे होते. गळ्यात तुळशीची माळ, दर महिन्याला आळंदी. डब्यात डोकावून म्हणाले, "सूनबाई, किड्यांतच किडे पडलेत. त्यात फेकायचं काय?"

डबा मी फेकलाच. पण कॉलेजात तीन वर्षं प्राणिशास्त्र शिकलेल्या बाईला असं वाक्य सहज पचत नाही. कोळंबी, खेकडा, शेवंड एका बाजूला आणि झुरळ, मुंगी, ढेकूण, सोंडे दुसऱ्या बाजूला. एकांसाठी आपण पाचशेची नोट काढतो, दुसऱ्यांसाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. मधली रेघ कुणी ओढली? निसर्गाने की आपल्या जिभेने?

पायांपासूनच सुरुवात करू, कारण शाळेत तेच शिकवलं होतं. सहा पाय कीटकाला, आठ कोळ्याला, दहा खेकड्या-कोळंबीला. खेकडा हातात धरून मोजला तर हिशेब चोख लागतो: नांग्यांची जोडी धरून पायांच्या पाच जोड्या. पुस्तकात या गटाचं नावच दशपाद. पण हाच नियम लावून सुकट मोजायला बसाल तर फसाल. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, आणि जवळ्याच्या छातीवरच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या उत्क्रांतीत नाहीशा झाल्या आहेत. म्हणजे दशपादांच्या या सख्ख्या वंशजाला चालायच्या पायांच्या जोड्या तीनच, झुरळाइतक्याच. शाळेच्या पाढ्याने सुकट कीटकात जमा झाली असती आणि तात्या जिंकले असते.

तेव्हा पाय सोडा, मिशा बघा. झुरळाला मिशांची एकच जोडी असते, लांब, सतत हलणारी. कोळंबीला दोन जोड्या: एक आखूड, दुभंगलेली, आणि दुसरी अंगापेक्षाही लांब. हा नियम जवळ्यालाही लागू, शेवंडीलाही, खेकड्यालाही. खेकड्याच्या मिशा इतक्या आखूड असतात की डोळ्यांच्या मधे शोधाव्या लागतात, पण असतात दोन जोड्याच. दुसरी खूण पोटाखाली. कोळंबीच्या शेपटाकडच्या भागाखाली पोहण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. मोठ्या झालेल्या कीटकाच्या पोटाला पाय नसतात. त्याचे सगळे पाय छातीला, आणि पंख असलेच तर तेही छातीलाच. पंख ही तर कीटकांचीच मिरास. उडणारी कोळंबी आजवर कुणाला सापडलेली नाही.

शरीराची मांडणीही वेगळी. झुरळाचं डोकं, छाती आणि पोट हे तीन भाग सुटे दिसतात. कोळंबीचं डोकं आणि छाती एका ढालीखाली जुळलेली. आपण कोळंबी साफ करताना "डोकं काढतो" म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात डोकं, छाती, हृदय, जठर, कल्ले असा निम्मा प्राणी काढून टाकत असतो. हातात उरतो तो शेपटाचा स्नायू. धोका दिसला की शेपूट आत मुडपून झटक्यात मागे उसळी मारायची, हा कोळंबीचा बचाव, आणि त्यासाठीच तो स्नायू इतका भरीव. पाठीतून निघणारा काळा दोरा म्हणजे तिचं आतडं. झुरळात असा एकसंध, सोलून काढण्याजोगा मांसाचा तुकडाच नाही. त्याचे स्नायू पाय आणि पंख हलवण्यापुरते, छातीत कोंबलेले, बाकी सगळी चरबी आणि आतडी. आपण कोळंबी खातो आणि झुरळ खात नाही याचं एक रोकडं कारण हे आहे. त्यात खाण्यासारखं फारसं काही नाहीच.

पण माझ्या मते खरा फरक श्वासाचा, आणि बाकीचे बरेच फरक त्यातूनच निघतात.

खेकडा साफ करताना वरचं कवच उचललं की दोन्ही बाजूंना पिसांसारखे मऊ झुपके दिसतात, ते आपण खरवडून टाकतो. ते त्याचे कल्ले. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तिथून रक्तात जातो आणि रक्त तो अंगभर पोचवतं. हे रक्त आपल्यासारखं लोहाचं नाही, तांब्याचं, त्यामुळे ऑक्सिजन मिळाला की निळसर दिसतं. झुरळाला कल्ले नाहीत, फुप्फुसंही नाहीत. त्याच्या अंगाच्या दोन्ही कडांना श्वसनछिद्रांच्या दहा जोड्या असतात. तिथून निघालेल्या नळ्यांना फाटे फुटत फुटत हवा थेट पेशीपर्यंत जाते. ऑक्सिजन वाहायचं काम रक्ताकडे नाहीच, म्हणून ते जवळजवळ बिनरंगाचं. साबणाचं पाणी फवारलं की झुरळ तडफडून मरतं ते यामुळेच. साध्या पाण्याला त्या छिद्रांचा मेणचट पृष्ठभाग दाद देत नाही, साबणाचं पाणी मात्र आत शिरतं.

नळ्यांची ही सोय लहान अंगाला झकास, मोठ्या अंगाला अपुरी. अंग वाढलं तर नळ्यांनीच सगळी जागा व्यापावी लागेल. शिवाय जमिनीवर कवचाचं वजन स्वतःच पेलावं लागतं, समुद्रात ते पाणी पेलतं. म्हणून जपानच्या कोळी-खेकड्याच्या पायांचा पसारा साडेतीन मीटरच्या पुढे जातो, आणि न्यूझीलंडचा वेटा हा सर्वांत वजनदार कीटकांपैकी एक असूनही सत्तर ग्रॅमच्या आसपास थांबतो. आपल्या फ्लॅटमधल्या झुरळांच्या भीतीने ओट्यावर चढणाऱ्यांनी पदार्थविज्ञानाचे आभार मानायला हरकत नाही.

पाणी मुबलक की टंचाईचं, यावरून शरीरातला कचरा टाकायची पद्धतही ठरते. कोळंबी-खेकडा अंगातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतात. विषारी माल, पण भोवती पाणीच पाणी. झुरळाला एकेक थेंब जपायचा असतो, म्हणून ते युरिक आम्ल बनवतं आणि त्यातलं बरंचसं चरबीत साठवूनही ठेवतं. त्याच्या पोटातले जिवाणू त्याच साठ्यातून अन्नघटक पुन्हा तयार करतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात, डिंकावर, आठवडेच्या आठवडे झुरळ कसं तगतं याचं निम्मं उत्तर इथे आहे. चाकणच्या गोदामांतून खोकी येतात-जातात, त्यांच्या घड्यांतून झुरळंही येतात-जातात.

कवचाचा कच्चा माल दोघांचा एकच, कायटिन. खेकडा त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरून ते दगडी करतो. कीटक प्रथिनं एकमेकांत गुंतवून, चामडं कमवावं तसं, ते चिवट करतो. म्हणून खेकड्याची नांगी फोडायला वरवंटा लागतो आणि झुरळाला चप्पल पुरते. कवच वाढत नाही, तेव्हा दोघांनाही कात टाकावी लागते. रात्री दिवा लावल्यावर कधी पांढरंफटक झुरळ दिसतं, ती वेगळी जात नव्हे. नुकतीच कात टाकलेली असते, काही तासांत ते तपकिरी होतं. आता बाजारातली कोळंबी आठवा. बर्फ कमी पडला की तिचं डोकं काळं पडायला लागतं. पांढऱ्या झुरळाचं तपकिरी होणं, कोळंबीचं काळवंडणं आणि चिरून ठेवलेल्या वांग्याचं काळं पडणं या एकाच धाटणीच्या रासायनिक क्रिया आहेत. रंगाबाबत मात्र कोळंबीने बाजी मारली आहे. तिच्या कवचातला नारिंगी रंग प्रथिनाने झाकलेला असतो. उष्णतेने प्रथिन मोडतं आणि कोळंबी तव्यावर लालबुंद होते. झुरळ शिजवलं तर काय होतं ते मी पाहिलेलं नाही.

इथपर्यंत रेघ बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. आता ती विस्कटते.

आमच्या वेळी प्रयोगशाळेत एका ट्रेमध्ये झुरळ आणि दुसऱ्यात कोळंबी असायची. वही मात्र सांगायची की हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत, आणि कीटक बहुधा गोमेच्या जवळचे. जनुकं वाचता यायला लागल्यावर हे चित्र पालटलं. २०१० साली 'नेचर'मध्ये आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने आधीपासून दिसत होतं ते पक्कं केलं: कीटक हे कवचधारींच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटाच्या, शेजारी बसणारे नव्हेत, त्यांच्याच झाडाची एक फांदी आहेत. कवचधारींच्या एका प्राचीन कुळाने पाणी सोडलं, जमिनीवर बस्तान बसवलं, पुढे पंख कमावले. त्यांचे सर्वांत जवळचे पाण्यातले नातलग म्हणजे समुद्राखालच्या गुहांमध्ये राहणारे आंधळे, गोमेसारखे दिसणारे रेमिपीड. हे जिवंत रूपात बहामात सापडले आणि १९८१ साली शास्त्राला माहीत झाले. तेव्हा "झुरळ म्हणजे जमिनीवरची कोळंबी" असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढू नका. वंशावळीच्या हिशेबाने झुरळ कवचधारींच्या वाड्यातलंच, फक्त वेगळी चूल मांडलेलं.

उलट प्रकारही आहे, आणि तो आपल्या बाल्कनीत आहे. कुंडी उचलली की खाली करड्या रंगाचे, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, अंगावर आडव्या पट्ट्या असलेले जीव पळतात. काही जण डिवचलं की गोळी होतात. आपण त्यांना किडाच म्हणतो. पाय मोजा, सात जोड्या भरतील. ते कीटक नव्हेत, खेकड्याच्या नात्यातले, जमिनीवर येऊन राहिलेले कवचधारी आहेत. अजून पोटाखालच्या पानांसारख्या अवयवांनी श्वास घेतात, म्हणून ओल सोडत नाहीत. घरातला हा एक खेकडा आपण खात नाही.

जाता जाता झुरळांच्या नावांचंही बघू. स्वयंपाकघरातल्या छोट्या झुरळाला जगभर जर्मन म्हणतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचं मूळ भारत-म्यानमारच्या बाजूला, सुमारे २,१०० वर्षांपूर्वीच्या एका आशियाई झुरळात दाखवलं. गटारातलं मोठं 'अमेरिकन' झुरळ मूळचं आफ्रिकेतलं. चाकणमध्ये जर्मन कंपन्या आल्या त्याच्या कितीतरी आधी आपण जर्मनीला झुरळ देऊन बसलो होतो.

मग ताटातली रेघ? ती शरीररचनेवरून ओढलेली नाही, याचे पुरावे पायलीला पन्नास सापडतात. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात खवले आणि पर नसलेले जलचर निषिद्ध आहेत, म्हणजे कोळंबी-खेकडा बाद. पण त्याच अध्यायात काही टोळ खायला मोकळीक आहे. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं समुद्रकाठी, कोळंबीच्या राशींशेजारी राहिले आणि खवल्यांची मासळीच खात आले. मुसलमानांच्या हनफी परंपरेत खेकडा वर्ज्य, कोळंबीवर मतभेद, टोळ मात्र चालतो. ओडिशातल्या मयूरभंजच्या तांबड्या मुंग्यांच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ओडिशातून चाकणच्या कारखान्यांत आलेल्या कामगारांची संख्या लक्षात घेतली, तर ज्याच्या गावी मुंगी ही घरातली उपद्रवी वस्तू नसून चटणी आहे असा माणूस या पट्ट्यात तुमच्या शेजारच्या मशीनवर उभा असू शकतो. बंगाली माणूस चिंगडीसाठी, म्हणजे कोळंबीसाठी, बाजार पालथा घालतो, देहू-आळंदीच्या परिसरातला माळकरी कोळंबी-मुंगी दोन्हींना सारखाच हात जोडतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ च्या अहवालात जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक असल्याचं म्हटलं होतं.

तात्यांना मी एकदा नारूची आठवण करून दिली. बारवेच्या पाण्यातून नारू व्हायचा, नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. त्याची अळी जिच्या पोटातून माणसात यायची ती सायक्लोप्स, डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढी दिसणारी, चक्क कवचधारी. पाणी दुहेरी फडक्याने गाळून पिण्याची मोहीम तिच्याचसाठी होती. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. म्हणजे त्याआधी बारवेचं पाणी प्यायलेल्या कितीतरी पक्क्या शाकाहाऱ्यांच्या पोटात न कळत कोळंबीचे भाऊबंद गेलेले आहेत. तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नकळत घडलं ते माफ असतं."

"झुरळ घाणीत राहतं, कोळंबी पाण्यात" हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. गटारातून येणारं झुरळ पायांवर रोगजंतू वागवतं, हे खरंच. पण खेकडाही मेलेलं, कुजलेलं खातो. नदीचा सफाई कामगारच तो. आणि आपल्या पवना-इंद्रायणीचं शहरातलं पाणी कसं आहे ते आळंदीच्या घाटावर तरंगणारा फेस बघितलेल्यांना सांगायला नको. कॅडमियमसारखे जड धातू खेकड्याच्या कवचाखालच्या पिवळसर लगद्यात साठतात, आणि नेमका तोच लगदा आपण चवीने चाटतो. म्हणून पिंपरी-चिंचवडमधून वाहणाऱ्या नदीतला खेकडा, फुकट मिळाला तरी, मी खाणार नाही. मावळातल्या ओढ्यातला खाईन, पण पूर्ण शिजवून. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात घर करणारा एक चपटा कृमी असू शकतो. त्यामुळे खोकल्यातून रक्त पडतं आणि रुग्ण क्षयाचा समजला जातो. ईशान्य भारतात हे घडलेलं आहे.

भाऊबंदकीचा सर्वांत व्यावहारिक पुरावा मात्र डॉक्टरांकडे आहे. कोळंबी खाल्ली की काहींच्या अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. यामागे बहुतेकदा ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूतलं प्रथिन असतं. उकळून, तळून ते निष्प्रभ होत नाही. तेच प्रथिन, फारच थोड्या फरकाने, झुरळात आणि गादीतल्या धुळीच्या सूक्ष्म किड्यात आहे, जो खरं तर कोळ्याचा नातलग. शरीर त्यांच्यात गल्लत करतं. धर्मनियमाने कधीही कोळंबी न खाल्लेल्या कर्मठ ज्यूंची तपासणी २००३ साली प्रसिद्ध झाली. धुळीच्या किड्याची ॲलर्जी असलेल्या त्यातल्या काहींच्या रक्तात कोळंबीच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. जिभेने जी रेघ दोन हजार वर्षं पाळली, ती रक्ताला माहीतच नव्हती. युरोपने २०२१ पासून पिवळ्या अळीसारख्या काही कीटकांना खाद्य म्हणून परवानगी दिली, तेव्हा पाकिटावर कवचधारींची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सूचना छापणं बंधनकारक केलं. माशाची ॲलर्जी ही वेगळी बाब, तिथलं प्रथिन वेगळं. सुरमई चालते म्हणून कोळंबी चालेल असं नाही, आणि उलटही नाही.

आता पावसाळ्यातल्या खेकड्यांकडे वळते, कारण या पट्ट्यात खेकडा म्हणजे चिंबोरीआधी तोच. पहिले दोन पाऊस झाले की मावळ आणि खेड तालुक्यात रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं ओढ्यात उतरतात. सकाळी रस्त्याच्या कडेला कातकरी, ठाकर बायका नांग्या बांधलेल्या काळ्या खेकड्यांच्या माळा घेऊन बसतात. ओलं पोतं टाकलं की हा खेकडा दिवसभर जिवंत राहतो, कारण कल्ले ओले असेपर्यंत त्याला हवाही चालते. बांधात, धरणाच्या मातीत तो बिळं करतो. जुलै २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. लोकांनी त्यावर खेकडे घेऊन आंदोलनं केली. खेकड्याला न्यायालयात उभं करता आलं नाही, एवढंच.

या खेकड्याची एक गोष्ट समुद्रातल्या भाऊबंदांपेक्षा वेगळी. चिंबोरी लाखांनी अंडी घालते, पिल्लं समुद्रात तरंगत, रूपं बदलत वाढतात, बहुतेक मरतात. ओढ्यातल्या खेकडीला हा जुगार परवडत नाही, पुराबरोबर पिल्लं वाहून जातील. ती मोजकी, मोठी अंडी घालते, पोटाच्या रुंद पदराखाली धरते, आणि त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात. काही दिवस तेही तिथेच आईला चिकटून राहतात. जर्मन झुरळाची मादीही अंड्यांची पेटी पोटाच्या टोकाला धरून फिरते, पिल्लं निघायच्या बेतात आली की मगच सोडते. तिला ओट्याखाली पाहिलंत तर पेटी सुटण्याआधी चिरडा, तीस-चाळीस झुरळं वाचतील तुमची. खेकडी विकत घेताना मात्र उलटी करून बघा. पदर रुंद आणि फुगलेला असेल, खाली बारीक पिल्लं हलत असतील, तर तेवढी एक सोडून दुसरी घ्या, आणि विकणारीला सांगा की ती ओढ्यात परत टाक.